आमच्यात नसतं

“साहेब, रोज सवारे पेपरमां जोउं छुं,” ठाकोरभाई म्हणाले, “पण बेननुं नाम आवतुं नथी.”

बडोद्यात लहरीपुरा दरवाज्याच्या आतल्या अंगाला ठाकोरभाईंचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तरं, परकराचं कापड, शिवाय साड्यांना फॉल लावून देणं. विश्वंभर उभ्या जन्मात तिथं आला नव्हता. आज आला तो निरुपमाच्या पर्समध्ये सापडलेली दुकानाची गुलाबी चिठ्ठी घेऊन. तिला जाऊन नववा दिवस होता. घरात सुतक, थोरले भाऊ श्रीपतराव पुण्याहून येऊन झोपाळ्यावर बसलेले, मुलगी इरा बंगळूरहून आलेली आणि आईच्या कपाटासमोर तासन्‌तास नुसती उभी. बसून बसून डोकं भणभणायला लागलं, तेव्हा साडी आणायचं निमित्त काढून तो वाडीतल्या घरून पायीच निघाला होता. “पेपरमध्ये कसलं नाव?” असं त्यानं ठाकोरभाईंना विचारलं खरं, पण विचारता विचारताच त्याला कळलं, आणि कानशिलं तापली. हा माणूस नऊ दिवस, रोज सकाळी, दुकानाचं शटर उचलायच्या आधी, वर्तमानपत्राचं सहावं पान उघडून त्याच्या बायकोचं नाव शोधत होता. तिचं बेसणं, म्हणजे शोकाला सगळ्यांनी येऊन बसायची बैठक, कधी, किती वाजता, ते बघायला.

“कोणी बोललं, प्रोफेसर साहेबांनी ठेवलंच नाही,” ठाकोरभाई आता मराठीत म्हणाले. अर्ध्या गावासारखी त्यांचीही मराठी गिऱ्हाइकांनी शिकवलेली. “मी म्हटलं, असं होईल काय? निरुपमाबेनचं बेसणं नाही?”

“आमच्यात नसतं,” विश्वंभर म्हणाला. हे दोन शब्द तो नऊ दिवसांत इतक्यांदा बोलला होता, की ते आता आपसूक बाहेर यायचे. ठाकोरभाईंनी मान हलवली. गठ्ठ्यातून एक साडी काढून त्यांनी काउंटरवर उलगडली. पांढरी, सुती, कडेला बोटभर राखाडी काठ. “ही त्यांची बेसण्याची साडी. तिसऱ्या वेळी फॉल बदलला, साहेब. खाली बसून बसून घासतो ना.” आणि त्यांनी नवा फॉल अंगठ्यानं दाबून दाखवला, टाके बारीक आहेत हे त्यालाही कळावं म्हणून.

तिसऱ्या वेळी. साडीचा पुडा काखेत मारून विश्वंभर परत निघाला आणि त्या तीन फॉलांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. एक फॉल झिजायला किती वेळा बसावं लागत असेल? त्यानं तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं होतं. पुराव्यावरून अनुमान काढणं हा त्याचा धंदा. पण इथं पुरावा त्याच्याच घरात, त्याच्याच कपाटात टांगलेला होता आणि त्यानं तो कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे पाहिला होता, चेष्टा करायला पाहिला होता. दुपारी चारला निरुपमा ती साडी नेसून, कपाळावरची टिकली बारीक करून दाराशी आली, की तो पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, “निघाल्या बेसणेवाल्या बाई ड्यूटीवर.” ती हसायची. “जराक जाऊन येते. समोरच्या पोळमधल्या म्हाताऱ्या मोटाबा गेल्या. बहु सारं माणूस होतं.” “बहु सारं नव्हे, फार चांगलं,” तो सुधारायचा. “आणि तू ओळखत होतीस का त्यांना?” “तशी काय ओळख नव्हती,” ती चपला घालत म्हणायची, “पण त्यांची सून दिसते ना मला भाजीला.” झालं. एवढं कारण तिला पुरायचं. याला मात्र ते कारणच वाटायचं नाही. ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याच्या मरणाला आपण का जावं, असं तो शुद्ध मनानं विचारायचा, आणि शुद्ध मनानं विचारतोय म्हणजे आपलं बरोबरच आहे अशी त्याची खात्री असायची. वर्गात तो पोरांना ठासून सांगत असे, की विचाराला आईबाप नसतात, गाव नसतं, जात नसते; दोन आधारविधानं द्या, निष्कर्ष करजणला काढा नाहीतर काशीला, तोच निघणार. पोरं माना डोलवायची. करजण म्हटलं की निरुपमाची आठवण होऊन तो स्वतःशी थोडा हसायचासुद्धा, कारण ती करजणची.

त्याच्या घरचं सगळंच वेगळं. आजोबा संस्थानात दफ्तरदार, वडील शिक्षणखात्यात. हातात अधिकार, तोंडात शुद्ध मराठी, आणि दिवाणखान्यात पाहुणा आला की आवाज न करता कप बशीवर ठेवायची शिस्त. तीन पिढ्या बडोद्याचं पाणी प्यायली, तरी घरात बोलताना ‘इकडे’ म्हणजे बडोदे आणि ‘आपल्याकडे’ म्हणजे पुणे. आपल्याकडे असं नसतं. आपल्याकडे तसं करत नाहीत. गंमत अशी, की या घरातलं कोणी पुण्यात राहिलंच नव्हतं. श्रीपतराव नोकरी संपल्यावर तिथं फ्लॅट घेऊन गेले तेवढेच, आणि तेही तिथल्या लोकांना ‘बडोद्याचे’ म्हणूनच ठाऊक. पण कधी न पाहिलेल्या त्या गावाच्या रीतींनी हे घर चालत होतं. रडायचं नाही, ही त्यातली पहिली रीत. वडील गेले तेव्हा विश्वंभर चोवीस वर्षांचा होता. कंठ दाटून आला तसं श्रीपतरावांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, “विशू, लोक बघताहेत.” त्यानं गिळलं. तेव्हा गिळलेलं अजून आत कुठं तरी असणार. आणि आता निरुपमा. शुक्रवारी सकाळी कुकरची दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली, चौथी झाली, म्हणून तो आत गेला तर ती ओट्याखाली पडलेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. स्मशानात ही गर्दी! वाडीतली झाडून सगळी माणसं, त्याच्या ओळखीची थोडी, अनोळखी फार. तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या विमळाबेननी ओट्यावरूनच हळूच विचारलं, “साहेब, बेसणुं क्यारे राख्युं छे?” त्याच्या अंगावर काटाच आला. बायको जाऊन चोवीस तास झाले नाहीत, आणि बाई कार्यक्रमाची वेळ विचारते! पेपरात फोटो छापायचा, वर ‘सायंकाळी चार ते सहा’. दुःखाला काय ऑफिसची वेळ असते? ज्याला यायचं तो येईल, आपल्या मनानं, आपल्या वेळेला. “आमच्यात नसतं, विमळाबेन,” तो म्हणाला. त्या “सारुं” म्हणून आत गेल्या.

आणि मग कोणी आलंच नाही. दोन-चार मराठी घरं येऊन गेली, कसं झालं, काय झालं, आधी काही त्रास होता का, हे विचारून. त्यांना तो तेच ते सांगत राहिला, चौथ्या शिट्टीपर्यंत, आणि प्रत्येक वेळी ती सकाळ थोडी थोडी खोटी होत गेली. बाकी गल्ली शुकशुकाट. माणसं दारावरून जाताना चाल मंद करत, दाराकडे बघत, पुढं जात. त्यानं ते खिडकीतून पाहिलं होतं. स्मशानात इतकी माणसं, आणि घरी कोणी नाही? चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला राग आला. एकतीस वर्षं ही बाई यांच्या मरणाला धावली, आणि हिच्या वेळेला एक माणूस उंबरा चढत नाही! शेवटी परके ते परकेच, असा एक विचार त्याच्या मनात येऊन बसला, आणि तो विचार त्याला स्वतःचाच वाटला.

न्यायमंदिराशी रस्ता ओलांडताना रिक्षावाल्यानं शिवी हासडली तेव्हा तो भानावर आला. ठाकोरभाई रोज पेपर बघत होते. म्हणजे माणसं यायची थांबली नव्हती. माणसं वाट बघत होती. दार बंद नव्हतं, हे खरं. पण या गावात दार उघडायची एक पद्धत आहे आणि ती त्यानं केली नव्हती. दहा-वीस माणसं अशी सहाव्या पानाशी थांबली असतील. शंभर असतील. छे, हे काय गणित आहे, असं म्हणत तो चालायला लागला, पण पाय आधीपेक्षा भरभर पडत होते.

घरी आल्यावर त्यानं पुडा खुंटीला अडकवला आणि जिन्याखालच्या कोपऱ्यातले पेपर काढले. त्याचे स्वतःचे पेपर दोन, एक मराठी, टपालानं शिळा येणारा, आणि एक इंग्रजी. गुजराती पेपर निरुपमाचा. ती गेल्यावरही तो येतच होता, आणि तो रोज त्याची घडी न मोडता कोपऱ्यात टाकत होता. नऊ घड्या. त्यानं खाली बसकण मारली आणि एकेकाचं सहावं पान काढलं. परदेशी फ्रिजच्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीखाली ओळीनं फोटो. पूर्वी हे साधे चौकोन असायचे. आता केबल टीव्ही आला, पेपर रंगीत झाले, तशी मेलेली माणसंही रंगीत झाली, असं तो कधी तरी टिंगलीनं म्हणाला होता. गुजराती तो बोलायचा अडखळत, वाचायचा मात्र झरझर. नाव, वय, मूळ गाव. बेसणं अमुक वारी, अमुक वेळेला. जागा. मुलांची नावं, सुनांची, जावयांची, एकही नाव न गाळता. आणि मग एका चौकोनात तळाशी त्याला एक ओळ दिसली: लौकिक प्रथा बंध राखेल छे. दुसऱ्या पेपरात पुन्हा. म्हणजे आम्ही बेसणं ठेवलेलं नाही, कृपा करून कोणी येऊ नये. त्याचीही वेगळी जाहिरात! ‘या’ म्हणायची जागा हीच आणि ‘येऊ नका’ म्हणायचीही हीच. विश्वंभरनं चष्मा काढून पुसला. तर्कशास्त्रातलं अगदी पहिल्या आठवड्याचं: विधान करा किंवा त्याचा नकार करा. त्यानं दोन्ही केलं नव्हतं. त्यानं अख्ख्या गावाला अधांतरी ठेवलं होतं. ज्याला तो स्वतःचा साधा, सरळ, सभ्य अबोला समजत होता, त्याचा इथं काही अर्थच लागत नव्हता. आणि ‘दुःखाला काय ऑफिसची वेळ असते’ हे वाक्य? ते तरी त्याचं होतं का? वडील गेले तेव्हा काका हेच म्हणाले होते, शब्द न शब्द. काकांच्या हातून घेऊन त्यानं ते फक्त पुढं सरकवलं होतं, बशी न वाजवता.

मग त्याला ते आठवलं. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी निरुपमानं एकदा सांगितलं होतं, आणि तो पेपर तपासत होता. तिचे वडील करजणला रेल्वेत बुकिंग क्लार्क. कोकणातला माणूस, बदलीनं आलेला, कोणाशी बोलणं नाही चालणं नाही. ती अकरा वर्षांची असताना आई गेली. “बाबा कोपऱ्यात बसून राहिले, भिंतीकडे तोंड करून,” ती म्हणाली होती. “दोन दिवस. चूल नाही, काही नाही. मग बाजूच्या पटेलकाकांनी न विचारता आमच्या अंगणात सतरंजी टाकली. चार वाजले आणि अहो, करजणचं सगळं बजार आलं. दाणेवाला आला, स्टेशनचे हमाल आले, माझ्या शाळेतल्या बेन आल्या. कोणी काही बोलेना. नुसते बसले. मी मोजत होते किती माणसं ते, आणि मोजता मोजता मला झोप लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा.” त्यावर विश्वंभर काय म्हणाला होता? “बजार नव्हे, बाजार.” हे आठवलं आणि त्यानं दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. डोळे कोरडेच होते. आणखी एक आठवलं, तेही त्याच दिवसाचं, की ती रुसली नव्हती. “हो, बाजार,” म्हणाली आणि उठून कणीक मळायला गेली. काय बाई होती! एवढी मोठी गोष्ट पदराला बांधून एकतीस वर्षं लोकांच्या सतरंज्यांवर जाऊन बसत होती, आणि घरी येऊन याच्या चेष्टेवर हसत होती. त्याला वाटायचं, आपण हिला थोडं विचार करायला शिकवतोय.

“इरा,” त्यानं हाक मारली, “बाराव्याला दुपारी आपण बेसणं ठेवू.”

इरा कपाटापाशीच होती. वळली. श्रीपतरावांचा झोपाळा थांबला.

“बेसणं?” ते म्हणाले. “विशू, अरे, आपल्यात कुठं असतं ते?”

“नसतं, दादा.”

“मग?”

“निरुपमात होतं,” विश्वंभर म्हणाला, आणि हे वाक्य व्याकरणात बसत नाही हे कळूनही त्यानं तसंच ठेवलं.

श्रीपतराव वाईट नव्हते. रात्रीच्या गाडीनं उभ्यानं प्रवास करून आले होते, भावासाठी. पण त्यांना हे पटेना. “लोक काय म्हणतील? तीन पिढ्यांत कधी झालं नाही. आणि पेपरात फोटो? निरुपमाचा? आपल्या घरातल्या बाईचा फोटो असा बाजारात...”

“काका, आई बाजारातच असायची,” इरा म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा लागला. “मी देते जाहिरात. बाबा, मजकूर सांगा.”

विश्वंभरनं कागद घेतला. आयुष्यात प्रथमच तो गुजरातीत काही लिहीत होता. दोन ओळी लिहायला त्याला पाऊण तास लागला आणि शेवटी विमळाबेनना दाखवायला न्यावं लागलं. त्यांनी वाचलं, एक मात्रा दुरुस्त केली, आणि पदर तोंडाला लावून कागद परत दिला.

बाराव्याचे विधी सकाळी झाले. दुपारी विमळाबेनच्या घरून तीन सतरंज्या आल्या, न मागता. टेबलावर निरुपमाचा फोटो, इराच्या मैत्रिणीच्या लग्नात काढलेला, थोडी हसते आहे असा. पावणेचारला इरा जिना उतरून आली ती आईची पांढरी साडी नेसून, नव्या फॉलची. श्रीपतरावांच्या तोंडून “अगं” निघालं. “सवाष्ण गेली तुझी आई. हिरवा शालू नेसवून पाठवली आपण तिला. आणि तिच्या घरात तू, कुंवार पोर, पांढरं नेसतेस?” इरानं बापाकडे बघितलं. विश्वंभरलाही चर्र झालं होतं, खोटं कशाला सांगा. पांढऱ्या साडीतली तरुण मुलगी पाहून त्याच्या पोटात जे काही गोळ्यासारखं आलं, ते कुठल्या आधारविधानातून आलं नव्हतं. ते आजीनं, आत्यांनी, पुण्याच्या न पाहिलेल्या वाड्यांनी तिथं आधीच ठेवून दिलेलं होतं. तो त्या गोळ्याकडे जरा वेळ बघत राहिला. त्याला तो ओळखीचा वाटला. मग म्हणाला, “दादा, नेसू दे. साडी तिच्या आईनं तयार करून ठेवली होती.”

चार वाजले. कोणी नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली. विश्वंभर दाराच्या आत, डाव्या हाताला, पांढऱ्या झब्ब्यात मांडी घालून बसला होता, आणि त्याला कॉलेजातल्या पहिल्या तासासारखं वाटत होतं. उशीर झाला का? बारा दिवस माणसं कशाला थांबतील? मग ओट्याखाली चपला वाजल्या. ठाकोरभाई. दुकान बंद करून आलेले, गळ्यात अजून मापाची टेप, ती काढायची राहून गेलेली. त्यांनी फोटोला फूल वाहिलं, विश्वंभरसमोर हात जोडले, त्याच्या डोळ्यांत एकदा बघितलं आणि सतरंजीवर बसले. त्यांच्या मागून दोघं, मग पाच, मग दाराशी रांगच. पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या, चपलांचा ढीग ओट्यावरून गल्लीत उतरला. दूधवाला आला. रद्दीवाला आला. टाइपरायटिंग क्लासच्या बाई, शेवेचा कारखाना चालवणारे दोघं भाऊ, एक मुसलमान म्हातारा, जो तिच्या शिवणयंत्राला तेल घालून द्यायचा असं इराच्या कानात कोणी सांगितलं. करजणहून एका टेम्पोत सात माणसं आली. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्यानं वाकून फोटोकडे इतक्या जवळून पाहिलं, की विश्वंभरला वाटलं हेच ते सतरंजी टाकणारे पटेलकाका, पण ते असणं शक्य नव्हतं, मुलगा असेल. आणि कोणी काही बोलत नव्हतं! कसं झालं नाही, काय झालं नाही. चौथी शिट्टी कोणालाही सांगावी लागली नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, शेजारी नुसतं बसणं, जोडलेले हात, आणि उठणं. “अहो, बोलायचं काही नसतंच तिथे, म्हणून तर जाता येतं,” निरुपमा एकदा म्हणाली होती. त्याला ते तेव्हा विसंगत वाटलं होतं. शब्दांवर पोट भरणारा माणूस तो. शब्द काढून घेतल्यावर माणसामाणसांत काय उरतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि इथं दूधवाल्यालाही ते येत होतं. त्याला या माणसांचं भारी कौतुक वाटलं. कोण्या एकानं बसून काढलेली युक्ती नव्हती ही. पिढ्यान्‌पिढ्या दुःख झालेल्या माणसांनी मिळून, घासूनपुसून केलेली सोय होती. वेळ ठरवायची ती दुःखासाठी नाही, येणाऱ्यासाठी. म्हणजे त्याला संकोच नको.

श्रीपतराव सुरुवातीला आक्रसून बसले होते. पण येणारा प्रत्येक जण थोरला भाऊ म्हणून त्यांच्याही समोर हात जोडत होता. पाच वाजेतो ते सरकून जागा करून द्यायला लागले. साडेपाचला विश्वंभरनं ऐकलं, ते कोणाला तरी हलक्या आवाजात “आवजो” म्हणून निरोप देत होते. “विशू,” ते मग वाकून पुटपुटले, “ही सगळी निरुपमाची?” त्यानं मान हलवली. “आम्हाला कधी बोलली नाही,” श्रीपतराव म्हणाले आणि नाक शिंकरायला रुमाल काढला. विश्वंभर मात्र रडला नाही. रडायला हरकत नव्हती, कोणी काही म्हणालं नसतं, पण तो यजमान होता. येणाऱ्याकडे बघत होता, ओळखत होता, चुकत होता. सहाला माणसं उठली, जशी आली तशी गेली. जाताना विमळाबेन सतरंजी झटकत म्हणाल्या, “शनिवारी आपल्या दूधवाल्याच्या सासऱ्यांचं आहे. काल गेले. निरुपमाबेन होत तो जरूर आवत, नक्की आल्या असत्या.” कोणाला उद्देशून असं नाही, आपलं म्हणाल्या.

गुरुवारी श्रीपतराव गेले, शुक्रवारी इरा. पांढरी साडी तिनं धुवून, स्टार्च करून, होती त्याच खुंटीला टांगली. “राहू दे बाबा इथंच,” म्हणाली, “मी येईन तेव्हा लागेल.” एअरपोर्टवरून तो रिक्षानं परत आला आणि पहिल्यांदा घर खरोखर रिकामं झालं. कुकर त्यानं लावला. तीन शिट्ट्या मोजल्या आणि तिसरीला गॅस बंद करून मधल्या खोलीत येऊन उभा राहिला. चोवीसाव्या वर्षापासून गिळलेलं सगळं आत साठलं होतं, आणि घरात बघणारं कोणी नव्हतं तरी ते बाहेर येईना. विशू, लोक बघताहेत. लोक नव्हते, पण ते सांगणारा आवाज आत होता, त्याला काय करणार?

शनिवारी सव्वाचारला तो झब्बा घालून विमळाबेनच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला. “निघायचं?” म्हणाला. त्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा त्याच्या इस्त्रीच्या पांढऱ्या बाह्यांकडे बघितलं, आणि पायात चपला सरकवल्या. दोन गल्ल्या पलीकडे घर होतं. दाराशी त्याचा गोंधळ झाला. तो बायकांच्या बाजूला बसायला गेला, कोणी तरी हातानं खूण करून त्याला इकडे बोलावलं, आणि दोन माणसं सरकली. त्यानं मांडी घातली. समोर फोटोत एक पागोटंवाला म्हातारा होता, खाली नाव: गोरधनभाई मगनलाल. या माणसाला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्या उजव्या गुडघ्याला कोणाचा तरी गुडघा लागत होता, डाव्याला कोणाचा तरी. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. म्हणजे बघत होतेही, पण ते बघणं वेगळं होतं. असे इथं बसलेलो आपण सगळे, एवढंच त्यात होतं. इथंच कुठं तरी, भिंतीच्या कडेला, ती बसली असती, पाय दुमडून, फॉल घासत. आणि मग काही समजायच्या आत त्याचे खांदे हलायला लागले. आवाज फुटला. तोंडावर हात धरला तरी फुटला, मोठा, ओबडधोबड, वयाला न शोभणारा. तो रडत राहिला, निरुपमासाठी, वडिलांसाठी, ‘बजार नव्हे, बाजार’साठी, आणि त्या खोलीत कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. पाठीवर हात फिरत होता. एक चाळिशीचा माणूस, डोकं भादरलेला, पाण्याचा पेला घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला होता. म्हाताऱ्याचा मुलगा असणार. त्याचेही डोळे भरून आले होते, या अनोळखी माणसाला आपल्या बापासाठी इतकं रडताना बघून.

“बापुजीने ओळखता हता?” त्यानं हळूच विचारलं.

विश्वंभरनं पेला हातात घेतला. तीस वर्षं त्यानं पोरांना विधानाचं सत्य-असत्य तपासायला शिकवलं होतं. त्यानं डोळे पुसले.

“हा,” तो म्हणाला. “बहु सारा माणस हता.”

मुलानं मान हलवली, आणि तिथंच त्याच्या शेजारी सतरंजीवर बसून घेतलं.